वणाची मुदत

वीस वर्षे मराठी शिकवली की माणसाला एक खोड जडते. कोणी दुखणे सांगू लागले तरी आपले लक्ष आधी शब्दाकडे जाते. गेल्या वर्षी पितृपक्ष लागण्याच्या आदल्या दिवशी चिखलीहून ताईचा फोन आला. "पोरीच्या गालावरचा वण काढायचा आहे, तू बरोबर चल," ती म्हणाली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आले असेल? संस्कृतात व्रण म्हणजे जखम, आणि त्याच शब्दाचा आपल्याकडे झालेला वण म्हणजे जखम भरल्यावर मागे राहणारी खूण! हा विचार मनातच ठेवून मी "येतो" म्हणालो.

भाची सातवीत असताना सायकलवरून खडीवर पडली होती. तेव्हापासून तिच्या डाव्या गालावर दोन बोटे लांबीचा, थोडा खोलगट वण आहे. पोरगी बी.एड. होऊन शाळेत शिकवते, हसते, भांडते. तिला कधी त्या वणाची अडचण झालेली मी पाहिली नव्हती. पण आता स्थळे येऊ लागली होती आणि ताईने पंचांग उघडून हिशेब केला होता. पितृपक्षात कोणी मुलगी पाहायला येत नाही, म्हणजे पंधरा दिवस मोकळे. लेसरला म्हणे आठ दिवस पुरतात. वर सात दिवस हाताशी राहतात. घटस्थापना झाली की पाहुणे येणार, तोवर गाल आरशासारखा!

छत्रपती संभाजीनगरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि तितक्याच शांतपणे मोडला. "आठ दिवस खरे आहेत," ते म्हणाले, "पण ते खपल्यांचे." लेसर वण पुसत नाही. तो कातडीला बारीक बारीक नव्या जखमा करतो आणि त्या भरून काढताना शरीर खाली नवे धागे विणते. खपली आठवड्याभरात पडते. लाली काही आठवडे टिकते, कधी दोन-तीन महिनेही. पण आतले विणकाम तीन ते सहा महिने चालते. तेव्हा कुठे खोलगटपणा भरल्याचे दिसते. शिवाय एका वेळेने भागत नाही. महिना-दीड महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा यावे लागते. सुयांचा उपचार घेतला तर लाली दोन-तीन दिवसांत उतरते, पण आतले काम तितकेच सावकाश चालते.

"आणि आपल्या सावळ्या कातडीचा एक स्वभाव आहे," डॉक्टर भाचीकडे पाहून म्हणाले. "तिला दुखावलं की ती काळवंडते. ऊन लागलं तर जास्तच. तो डाग जातो, पण महिने घेतो. आणि वण फिका होईल, उथळ होईल. अजिबात नाहीसा होईल, असं मी सांगणार नाही." खपली नखाने काढायची नाही, लिंबू-हळद लावायची नाही, बाहेर पडताना उन्हाचे मलम लावायचे, दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावायचे आणि चेहरा झाकायचा. एवढे सांगून त्यांनी वर एक सल्ला दिला. "तारीख ठरवून येऊ नका."

परतीच्या एस.टी.त ताई जालन्यापर्यंत काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "एवढी यंत्रं निघाली, तरी सहा महिने काहून लागावे?"

मी मास्तर पडलो. मला कावसजीची गोष्ट आठवली. इंग्रजी कागदांत त्याचे नाव असे लिहिले आहे. जातीने मराठा शेतकरी, इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही! मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाने कापून कपाळावर ठेवला, भोवती रेघ काढली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. मात्र दोन डोळ्यांमध्ये कातडीची एक पट्टी जोडलेली ठेवली, कारण नव्या नाकाला रक्त तिथूनच मिळायचे होते. वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. नंतर तुपात बुडवलेले कापड. पाच-सहा दिवस उताणे निजायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ चिंध्या. आणि ती जोडपट्टी कापायची पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, आधी नाही.

ही हकिकत 1794 मध्ये लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या शस्त्रवैद्याने 1814 मध्ये तिथे तशीच शस्त्रक्रिया केली. "पण ताई," मी म्हणालो, "जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं ते शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी. कपाळावरचा वणही काही काळानंतर फारसा दिसत नाही, असं त्या हकिकतीत लिहिलंय. कातडी कापायला तेव्हा वस्तरा होता, आता किरण आहे. भरून यायचं काम मात्र तेव्हाही शरीराचं होतं आणि आजही त्याचंच आहे."

"मामा," खिडकीशी बसलेली भाची म्हणाली, "कावसजीला दहा महिन्यांत कोणी पाहायला येणार नव्हतं, म्हणून जमलं त्याला."

आम्ही तिघेही हसलो. मग देऊळगाव राजा आल्यावर ती आईला म्हणाली, "पाहुण्यांना येऊ दे. मी आहे तशी बसेन. उपचार मी घेणार आहे, पण माझ्या पगारातून आणि माझ्या सवडीनं."

नवरात्रात पाहुणे आले, पोहे खाऊन गेले. पत्रिका जुळत नाही, असा निरोप पाठवला. ताई दोन दिवस जेवली नाही. भाचीचे मला ठाऊक नाही. ती त्या दिवसांत पेपर तपासत होती.

मार्गशीर्षात तिने पहिला उपचार घेतला, माघात दुसरा. त्यानंतर एका मैत्रिणीच्या वरातीत भर दुपारी उघड्या तोंडाने तासभर उभी राहिली आणि गालावर तपकिरी डाग उमटला. वण परवडला, पण हा डाग नको, असे म्हणण्याची पाळी आली. डॉक्टरांनी तिसरा उपचार पुढे ढकलला. पुरता उन्हाळा ओढणीत गेला. आषाढात डाग विरला आणि श्रावणात तिसरा उपचार झाला. म्हणजे आठ दिवसांच्या कामाला वर्ष होत आले आणि ते अजून संपलेले नाही.

दोघी भाऊबीजेला बुलढाण्याला यायच्या आहेत. परवा फोनवर मी मुद्दाम विचारले, "आता कसा दिसतो गं वण?"

"आहे," भाची म्हणाली. "पण शोधावा लागतो. आणि मामा, आई हल्ली शोधत नाही."