जुन्या मोटारींचे नवे अवयव

पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारींची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करण्याची सोय केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अट रास्तच आहे. मात्र कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात साठच्या दशकात तयार झालेल्या फियाट ११०० गाड्या आज या वयाच्या झाल्या आहेत आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून गाजलेल्या त्या मालिकेचे उत्पादन थांबून दोन तपे लोटली आहेत. मूळ स्वरूप राखावयाचे, तर गंजून गेलेले मडगार्ड, दिव्याची चौकट, बंपरखालचा पत्रा हे भाग आणावयाचे कोठून, याचे उत्तर नियमात नाही. ते फायबरग्लासचे कारागीर देतात.

यामागील अर्थकारण साधे आहे. पत्र्याचा एखादा भाग दाबून काढावयाचा, तर पोलादी डाय आणि अवजड प्रेस लागतो. हा खर्च हजारो नगांवर विभागला गेला तरच परवडतो. शंभर-दोनशे ग्राहकांसाठी तो कोणी करणार नाही. फायबरग्लासला मात्र नमुन्याचा एक जुना भाग पुरतो. त्याला मेण चोळावयाचे, जेलकोटचा थर द्यावयाचा, त्यावर काचतंतूंची चटई अंथरून रेझिन व हार्डनर यांचे मिश्रण ब्रशाने मुरवावयाचे. घट्ट झाल्यावर सुटून येतो तो साचा, आणि त्याच रीतीने साच्यातून निघते ती प्रतिकृती. भांडवल अल्प, श्रम भरपूर. अर्थात नमुन्याला पोचा असेल तर तो प्रत्येक नगात उतरतो. रेझिन घट्ट होताना आकसते, भोके जुळत नाहीत आणि मग कानस घेऊन बसावे लागते. तरीही मुंबईच्या खाऱ्या हवेत न गंजणारा भाग मालकाला हवासा वाटतो, यात नवल नाही. काचेची धूळ आणि स्टायरीनची वाफ कारागिराच्या फुप्फुसांत जाते. तो खर्च कोणाच्याच बिलात दिसत नाही.

शुद्धतेचे अभिमानी अशा भागांना सरसकट ‘नकली’ म्हणतात. परंतु द्रव्यावरून अस्सलपणा ठरविणे फसवे आहे. अमेरिकेत १९५३ साली निघालेल्या शेव्हरोले कॉर्व्हेटची बॉडीच फायबरग्लासची होती; पहिल्या वर्षी अशा तीनशे गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीची ‘डॉल्फिन’ही त्याच जातीची. या गाड्यांना कोणी पोलादी मडगार्ड बसविले, तर नकली म्हणावे लागेल ते पोलादालाच.

खरे नुकसान होते ते लपवाछपवीने. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या निबंधात उदाहरण घेतले होते ते जुन्या मोटारींच्याच बाजाराचे. विक्रेत्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक सरासरीवर बेतलेला भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून माघार घेतो. विंटेज गाडीच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे, कारण येथे किंमतच अस्सलपणाची मोजली जाते. लांबी भरून, रंगाचे जाड पुट चढवून प्रतिकृती मूळ पत्रा म्हणून खपविली, की ज्याने गंज खरवडत, डेंटरची मिनतवारी करीत मूळ पत्रा टिकविला, त्याच्या कष्टांना मोल उरत नाही. चुंबक फायबरला चिकटत नाही हे खरे. पण खिशात चुंबक घालून खरेदीस जाणारे किती?

नक्कल करण्याचा हक्क हा निराळा प्रश्न. मॉरिस मरीना गाडीच्या एक्झॉस्ट पाइपावरून ब्रिटनमध्ये झालेल्या वादात तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८६ मध्ये निकाल दिला, की विकलेली गाडी दुरुस्त करण्याचा ग्राहकाचा हक्क निर्मात्याला कॉपीराइटच्या बळावर हिरावून घेता येणार नाही. या तत्त्वाची व्याप्ती पुढे न्यायालयांनीच संकुचित केली. तथापि ज्या भागाचे उत्पादन मूळ कारखान्याने सोडून दिले आहे, त्याची प्रतिकृती करणाऱ्यास चोर ठरविणे कठीण आहे.

बंदी घालून काही साधणार नाही. गाडीचा भार पेलणारे भाग मात्र याला अपवाद हवेत; आघाताने पत्रा वाकतो, फायबर तडकते, तेव्हा तळ आणि खांब यांना त्याचा स्पर्श नको. शोभेच्या व आच्छादनाच्या भागांपुरती एक अट पुरेशी आहे. प्रत्येक नगाच्या आतल्या बाजूस कारागिराचे नाव व वर्ष असावे आणि बदललेल्या भागांची यादी नोंदणीच्या कागदपत्रांना जोडलेली असावी. याला यंत्र लागत नाही. नाव लिहिलेली कागदाची चिठ्ठी रेझिनच्या शेवटच्या थराखाली ठेवली, की ती आरपार वाचता येते. घासून काढल्यावाचून ती निघत नाही, आणि घासल्याची खूण लपत नाही.