बाँड होता होता राहिलेले

२०२१ साली ‘नो टाइम टु डाय’ आला आणि डॅनियल क्रेगनं जेम्स बाँडच्या कोटातून कायमची रजा घेतली. त्याच्या आधीपासूनच ‘पुढचा कोण?’ ही चर्चा सुरू झाली होती. लंडनच्या सट्टेवाल्यांनी भाव लावले, वर्तमानपत्रांनी याद्या छापल्या. या याद्या मी मोठ्या आवडीनं वाचतो, पण त्यांच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. साठ वर्षांचा अनुभव असा, की यादीत ज्याचं नाव वर तो सहसा बाँड होत नाही. आणि जो होतो त्याच्याकडे पाहून सुरुवातीला लोक नाकं मुरडतात. मला तर पुढचीही शंका आहे. या भूमिकेसाठी ‘योग्य माणूस’ असा कुणी आधीपासून कुठं बसलेलाच नव्हता. ज्याला ती मिळाली तो योग्य ठरत गेला, आणि मग आपण म्हणू लागलो, की छे, दुसरं कोण शोभलं असतं!

मुळात इयान फ्लेमिंगच्या डोक्यात कोण होतं ते पाहा. १९५३च्या ‘कॅसिनो रोयाल’ या पहिल्या कादंबरीत बाँड दिसायला होगी कारमायकेलसारखा आहे, असं एक पात्र म्हणतं. हा कारमायकेल अमेरिकन. गाणी रचणारा, पियानो वाजवणारा. पुढं चित्रपटाची बोलणी सुरू झाली तेव्हा फ्लेमिंगला डेव्हिड निव्हन हवा होता. तलवारकट मिशांचा, मृदू बोलण्याचा अस्सल इंग्रज साहेब. आणि त्याही आधी, १९५४ साली, अमेरिकन दूरचित्रवाणीवर बाँडचा पहिला अवतार होऊन गेला होता. बॅरी नेल्सन नावाच्या अमेरिकन नटानं तो केला आणि तिथं बाँडचा चक्क ‘जिमी’ झाला होता.

१९६१-६२ साली अल्बर्ट ब्रॉकली आणि हॅरी सॉल्टझमन हे दोन निर्माते ‘डॉक्टर नो’ची जुळवाजुळव करत होते. हातात पैसे सुमारे दहा लाख डॉलर. ब्रॉकलीच्या मनात कॅरी ग्रँट होता. ग्रँट त्याचा इतका जवळचा, की ब्रॉकलीच्या लग्नात तो पाठराखा म्हणून उभा राहिलेला. पण वय साठीकडे झुकलेलं, आणि एकाहून जास्त चित्रपटांना तो बांधून घेणार नव्हता. निर्मात्यांना तर मालिका काढायची होती. पॅट्रिक मॅक्गूहनला विचारलं. तो ‘डेंजर मॅन’ या मालिकेत गुप्तहेराचंच काम करत होता. त्याचा हेर शक्यतो पिस्तूल वापरत नसे आणि बायकांच्या मागंही लागत नसे. तशा अटींवर तो ती मालिका करत होता. बाँडची नीती त्याला रुचली नाही आणि त्यानं नकार दिला. हा नकार मला फार आवडतो. या साऱ्या हकिकतीत पैशाचं किंवा तारखांचं कारण न सांगता केवळ तत्त्वासाठी ‘नको’ म्हणणारा हा जवळजवळ एकटाच.

उरला शॉन कॉनरी. एडिंबरोच्या कामगारवस्तीतला, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. यानं दूध टाकलं, शवपेट्यांना पॉलिश केलं, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत भाग घेतला. बोलण्यात स्कॉटिश हेल. फ्लेमिंगला हा धिप्पाड गडी मुळीच पसंत पडला नव्हता. पण मुलाखत संपवून कॉनरी बाहेर पडला तेव्हा निर्माते खिडकीतून त्याची चाल पाहत राहिले आणि त्या चालीवर काम पक्कं झालं, अशी आख्यायिका आहे. मग दिग्दर्शक टेरेन्स यंगनं त्याला आपल्या शिंप्याकडे नेलं, कपडे कसे वागवायचे, जेवायला कसं बसायचं ते शिकवलं. म्हणजे पडद्यावर आपण जो ऐटबाज बाँड पाहिला, तो निम्मा टेरेन्स यंगच होता.

खरी गंमत पुढं आहे. १९६४च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या कादंबरीत फ्लेमिंगनं बाँडचा मृत्युलेख दिला आहे, आणि त्यात बाँडचा बाप स्कॉटिश! ज्या नटाला नाकं मुरडली त्याचं कूळ लेखकानं आपल्या मानसपुत्राला लावून टाकलं. कादंबऱ्या मीही लिहिल्या आहेत. आपल्या पात्रावर परक्या माणसाचा चेहरा चढला की लेखकाला काय होतं, याची मला थोडी कल्पना आहे. पण म्हणून पात्राच्या वंशावळीत फेरफार करायचा, याला मोठं मन लागतं.

कॉनरी कंटाळून बाजूला झाल्यावर जॉर्ज लेझनबी आला. ऑस्ट्रेलियात मोटारी विकलेला, इंग्लंडमध्ये चॉकलेटच्या जाहिरातींतून दिसणारा. चित्रपटात काम केल्याचा अनुभव शून्य. कॉनरीच्या न्हाव्याकडून केस कापून घेतले, कॉनरीच्या शिंप्याकडे पडून राहिलेला सूट अंगावर चढवला आणि कचेरीत जाऊन उभा राहिला. अनुभवाबद्दल बेधडक थापा मारल्या आणि भूमिका मिळवली. १९६९चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ त्यानं केला. पुढच्या अनेक चित्रपटांचा करार समोर असताना, हिप्पींच्या जमान्यात असला सुटाबुटातला हेर चालणार नाही या सल्ल्याला भुलून निघूनही गेला. याची चेष्टा आजवर पुष्कळ झाली. मला मात्र तो चित्रपट बाँडपटांतला एक उत्तम चित्रपट वाटतो. त्याच्या शेवटी बाँडची नवी नवरी मोटारीत मरून पडते आणि तो तिला कवटाळून बसतो. तिथं कॉनरी असता तर? माझ्या मते कॉनरीनं तो प्रसंग दिमाखात केला असता आणि नेमका दिमाखानंच तो बिघडला असता. लेझनबीचं नवखेपण तिथं उपयोगी पडलं.

त्यानंतर जॉन गॅव्हिन. ‘सायको’मध्ये आपण त्याला पाहिलं आहे. १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’साठी त्याच्याशी रीतसर करार झाला होता. पण वितरक कंपनीला कॉनरीच हवा होता. साडेबारा लाख डॉलर मोजून त्याला परत आणलं; ते पैसे कॉनरीनं स्कॉटलंडमधल्या शिक्षणविषयक न्यासाला देऊन टाकले. गॅव्हिनला कराराचे पैसे पूर्ण मिळाले, असं सांगतात. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा व्यवहार चोख वाटतो. काम न करता पूर्ण मोबदला! पण गॅव्हिनला आरशासमोर उभं राहून काय वाटलं असेल, याची नोंद कुठल्याच खात्यात सापडत नाही. पुढं १९८१ साली तो मेक्सिकोत अमेरिकेचा राजदूत झाला. म्हणजे सरकारी कामगिरीवर परदेशी जाण्याचा योग त्याच्या पत्रिकेत होताच, फक्त पिस्तुलाविना.

रॉजर मूर १९७३ साली बाँड झाला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. १९८३च्या ‘ऑक्टोपसी’च्या वेळी तो थांबण्याच्या बेतात होता आणि जेम्स ब्रोलिन या अमेरिकन नटाच्या चाचण्याही झाल्या होत्या. पण त्याच वर्षी कॉनरीला घेऊन दुसऱ्या निर्मात्यांचा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ यायचा होता. जुन्या बाँडसमोर नवखा उभा करण्याचं धाडस ब्रॉकलीला झालं नाही आणि मूरची मनधरणी झाली. तर उदयपूरच्या रस्त्यांवर विजय अमृतराजच्या ऑटोरिक्षात बसलेला आणि विमानाच्या पाठीवर कबीर बेदीशी झुंजणारा बाँड आपल्याला ब्रोलिनच्या चेहऱ्याचा दिसायचा, तो राहिला. मूरनं या सगळ्याकडे मिश्किलपणे पाहिलं म्हणून ते निभावलं. ब्रोलिननं ते गंभीरपणे केलं असतं तर आपली हसून पुरेवाट झाली असती.

या सगळ्यांत मला चटका लावते ती पिअर्स ब्रॉस्ननची गोष्ट. १९८६ साली त्याची ‘रेमिंग्टन स्टील’ ही मालिका वाहिनीनं बंद केली. बाँडसाठी त्याची निवड झाली. पण करारात एक कलम होतं : साठ दिवसांत वाहिनी मालिका पुन्हा सुरू करू शकते. नवा बाँड म्हणून त्याचं नाव झालं, त्यामुळं मालिकेला भाव आला, आणि मुदत संपता संपता वाहिनीनं ते कलम बाहेर काढलं. ज्या बातमीनं तो मोठा झाला त्याच बातमीनं त्याची भूमिका गेली. ब्रॉकलीला दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला दिसणारा बाँड नको होता. त्या मालिकेचे पुढं मोजकेच भाग निघाले आणि ती संपली. त्याची बायको कॅसँड्रा हॅरिस हिनं १९८१च्या एका बाँडपटात काम केलं होतं. १९९१ साली ती कर्करोगानं गेली. १९९५च्या ‘गोल्डनआय’मधला बाँड तिला पाहता आला नाही. करारातली बारीक अक्षरं वाचून सही करा, असं मी खातेदारांना अनेक वर्षं सांगत आलो. ब्रॉस्ननच्या वकिलांनीही ती वाचली असणारच. वाचून उपयोग काय होता?

मधली जागा टिमथी डाल्टननं भरली. कॉनरीनंतर त्याला विचारलं होतं, तेव्हा आपण फार लहान आहोत म्हणून त्यानं स्वतःच नकार दिला होता. १९८७ आणि १९८९ साली त्यानं जो बाँड केला तो रागीट, थकलेला, आपल्या धंद्याला विटलेला होता. मूरच्या गमतीला सरावलेले प्रेक्षक गोंधळले. मग खटलेबाजीत सहा वर्षं गेली आणि डाल्टन बाजूला झाला. तोच कडवटपणा २००६ साली क्रेगनं आणला तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतला. म्हणून कुणी म्हणालं, की अमुक नट बाँड म्हणून चालला नसता, तर मी विचारतो : कुठल्या साली?

क्रेगचं नाव २००५ साली जाहीर झालं तेव्हा केस पिंगट आहेत, उंची कमी आहे म्हणून बहिष्काराची हाक देण्यापर्यंत मजल गेली. लोकांना क्लाइव्ह ओवेन हवा होता. हा ओवेन पुढं ‘पिंक पँथर’मध्ये क्षणभर दिसला, तो ‘००६’ म्हणून! दुसरा हेन्री कॅव्हिल. चाचणी उत्तम झाली, पण वय बावीस. फार कोवळा म्हणून गेला. तो सुपरमॅन झाला ते ठीकच. पण क्रेग निवृत्त झाला तेव्हा कॅव्हिल अडतीस वर्षांचा होता आणि पुढच्या याद्यांतून ‘आता वय झालं’ अशी कुजबुज सुरू झाली. मूरनं पंचेचाळिशीत सुरुवात केली होती, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. इड्रिस एल्बाच्या वाट्याला तर आणखी वाईट आलं. त्याचं नाव वर्षानुवर्षं चघळलं गेलं ते अभिनयासाठी कमी आणि कातडीच्या रंगासाठी जास्त. काळा बाँड का नको, याचं पटणारं उत्तर मला तरी कुणी दिलेलं नाही. स्कॉटिश गवळीदादा चालला, ऑस्ट्रेलियन मोटार-विक्रेता चालला, आयरिश ब्रॉस्नन चालला. फ्लेमिंगच्या पुस्तकाबरहुकूम यातलं कोण होतं?

आपल्याकडे ‘नटसम्राट’ १९७०मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभा केला, आणि नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी यांनीही केला. प्रेक्षक तुलना करत, भांडत, पण दुसऱ्याचा अप्पासाहेबही पाहायला जात. रंगभूमीवर हे चालतं. चित्रपटात चेहरा एकदा भूमिकेला चिकटला की सुटत नाही. बाँड ही त्यातली मोठी अपवादाची भूमिका. ती नाटकातल्या भूमिकेसारखी हातोहात फिरली, आणि ते साधलं, कारण ब्रॉकली कुटुंब साठ वर्षं ती एखाद्या नाटक कंपनीसारखी चालवत होतं. खिडकीतून चाल पाहून माणूस निवडायचा, जगानं ओरडा केला तरी निवडीवर ठाम राहायचं, हा घरच्या पेढीचा कारभार होता. चुका झाल्या त्याही घरच्याच.

फेब्रुवारी २०२५मध्ये त्या कुटुंबानं बाँडचे कलाविषयक अधिकार ॲमेझॉनच्या हवाली केले आणि जूनमध्ये दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं. व्हिलनव्ह गुणी दिग्दर्शक आहे. मला धास्ती आहे ती निवड समितीची. नोकरीत मी अशा समित्यांवर बसलो आहे. प्रत्येक सभासद गुण देतो, बेरीज होते, आणि कुणाचाच आक्षेप नसलेला उमेदवार पहिला येतो. १९६१ साली अशी बेरीज झाली असती तर डेव्हिड निव्हन निवडला गेला असता, एक नीटनेटका चित्रपट निघाला असता, आणि दुसरा बहुधा निघालाच नसता.