हातपंप कुठे बसवायचा?

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. तो वैजापूर तालुक्यातून जातो. पाऊस दगा देतो त्या वर्षी याच तालुक्यात टँकर फिरतात आणि बाया रिकामे हंडे रांगेला लावतात. रस्ता हवाच. पण लेकराचे जुलाब ज्या पाण्यातून येतात, त्याची चौकशी कोण करणार?

नगर जिल्ह्यातल्या जामखेडने ती पन्नास वर्षांपूर्वी केली. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे आले. बरे होऊन गेलेले मूल त्याच दुखण्याने परत येते, हे त्यांनी पाहिले. पुढे 1972 चा दुष्काळ पडला. कूपनलिका घ्यायच्या ठरल्या, तेव्हा आरोळ्यांनी जागा पाहिल्या त्या दलित वस्तीतल्या. शिवाशिव पाळणाऱ्यांना पाणी हवे तर तिथेच यावे लागणार होते. आणि ते आले.

मग गावागावाने आपल्यातली एकेक बाई निवडली. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. स्वच्छ बाळंतपण कसे करायचे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. 1971 मध्ये तिथे हजार जन्मांमागे 176 बाळे वर्षाच्या आत दगावत. शतक संपता संपता हा आकडा तिशीच्या खाली आला. 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्याने जगाला प्राथमिक आरोग्याची जी दिशा दाखवली, तिच्यामागच्या प्रेरणांत जामखेड होते. पुढच्याच वर्षी आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2005 पासून गावोगावी आलेल्या आशा कार्यकर्त्या याच वाटेवरच्या. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. सरकारदरबारी मात्र त्या अजून स्वयंसेविकाच, म्हणून पगार नाही, कामापुरता मोबदला. 2024 च्या सुरुवातीला राज्यातल्या आशांना मोबदला वाढावा म्हणून मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले, तेव्हा कुठे मार्चमध्ये वाढीचा आदेश निघाला. हे लाजिरवाणे आहे.

दिवाळी आटोपली की मराठवाड्यातल्या ऊसतोड टोळ्या फडांकडे निघतील. त्यांतल्या पोटुशा बाया आणि तान्ही बाळे यांची नोंद आशेच्या वहीत असते. ती कारखान्याच्या गावातल्या आशेपर्यंत पोचली नाही, तर लसही चुकते आणि तपासणीही. कोण कुठे चालले, ही यादी टोळी हलण्याआधी तयार व्हावी. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने विचारावे: ग्राम आरोग्य समिती शेवटची कधी बसली, तिचा निधी कशावर खर्च झाला, पिण्याच्या पाण्याचा नमुना तपासणीला कधी गेला?