आधी टॉवर, मग रस्ता (बघू!)

आठवडाभर लोअर परळला जाऊन-येऊन डोकं इतकं तापतं की लिहायला शनिवारच उजाडावा लागतो. आमचं हापिस एका जुन्या गिरणीच्या जागेवरच्या काचेच्या टॉवरमधे आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, संध्याकाळी पंचवीस. आणि टॅक्सीने? नका विचारू.

"मुंबईत गर्दी असणारच राव," हे ठरलेलं उत्तर. साफ चूक! ही गर्दी आभाळातून पडली नाही, रीतसर मंजुरी देऊन आणली.

१९९१ च्या नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरणीच्या जमिनीची ढोबळ वाटणी केली: एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. १९९६ मधे चार्ल्स कोरिया समितीने सांगितलं, की सुटा-सुटा प्लॉट बघू नका, सगळा परिसर एकत्र आखा, परळ स्टेशनाबाहेर मोठा चौक करा. अहवाल बासनात. २००१ मधे नियमच बदलला, वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची उरली. २००६ मधे सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मग प्रत्येक गिरणी आपापल्या कुंपणापुरती उंच झाली. शंभर युजरच्या सर्व्हरवर दहा हजार लॉगिन वाटायचे आणि बँडविड्थचं नंतर बघू म्हणायचं, असा प्रकार. आमच्याकडे असं कुणी केलं तर त्याला रात्रभर जागवतात.

इथे माणसं मेली. २९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडचा (आताचं प्रभादेवी) अरुंद जिना, २३ जण. नवा पूल कागदावर आधीच मंजूर होता! नंतर लष्कराने काही महिन्यांत पूल उभारून दिला, म्हणजे अडचण बांधकामाची नव्हतीच. त्याच २०१८ च्या जुलैत डिलाईल पूल बंद झाला, तो पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. त्या पाच वर्षांत नवे टॉवर मात्र थांबले नाहीत.

बिल्डर म्हणतात, आम्ही प्रीमियम भरतो, विकास शुल्क भरतो. भरता, मान्य. पण तो पैसा याच भागाच्या पुलावर, फुटपाथवर खर्च व्हावा असं बंधन कुठाय? लंडनमधे बॅटरसीच्या बंद वीजकेंद्राभोवती असाच पुनर्विकास झाला. तिथे नॉर्दर्न लाइन वाढवायला १ अब्ज पौंडांपर्यंत कर्ज काढलं. ते फेडायचं कशातून, तर तिथल्याच विकासकांची वर्गणी आणि त्या भागातल्या व्यापारी करातली वाढ. २०२१ मधे दोन नवी स्टेशनं सुरू झाली.

मला फ्लायओव्हर नकोत हं. टॉवरच्या पोटात मजलेच्या मजले पार्किंग बांधून वर फ्लायओव्हर मागणं म्हणजे डायबेटिसवर जिलबी. यातले बहुतेक लोक लोकलने येतात. त्यांना स्टेशनाचे रुंद जिने, सलग फुटपाथ आणि बसला मोकळी लेन हवी. त्यासाठी प्रीमियमचा ठरावीक हिस्सा त्या-त्या भागाच्या वेगळ्या खात्यात टाका, खात्याचा हिशेब दर वर्षी जाहीर करा, आणि पूल-जिने तयार होईपर्यंत नव्या टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नका. मग बघा, बिल्डरच पालिकेच्या मागे लागतील पूल बांधा म्हणून.

आता वडाळा, शिवडीकडे पोर्ट ट्रस्टच्या जमिनींची पाळी आहे. तिथले पूल कोणाच्या पैशातून, हे पहिली वीट बसायच्या आधी विचारायला हवं.