फलाटावरचं वायफाय आणि पेशंटचा रिपोर्ट

गेल्या महिन्यात एका वैद्यकीय परिषदेहून परतताना गाडी दोन तास लेट झाली. फलाटावर बसलो असताना वॉर्डातून निवासी डॉक्टरचा फोन आला. "सर, मेलवर रिपोर्ट टाकलेत. गोळ्या आजच सुरू करायच्यात, जरा बघून सांगता का?" पेशंट एक गरोदर स्त्री. एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं आदल्याच दिवशी कळलेलं आणि सासरी अजून कोणालाही ठाऊक नाही. क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे टेनोफोविर असलेली नेहमीची गोळी द्यावी का, हा प्रश्न.

फोनच्या पडद्यावरचे आकडे माझ्या डोळ्यांना आता झेपत नाहीत. लॅपटॉप उघडला. वायफायच्या यादीत स्टेशनच्या नावाचं एक फुकट नेटवर्क दिसलं, ते जोडलं. लगेच एक पान उघडलं आणि त्यानं ईमेल व पासवर्ड मागितला. मी टाइप करायला लागलो, तेवढ्यात शेजारी बसलेला कॉलेजचा मुलगा म्हणाला, "काका, थांबा. स्टेशनचं वायफाय मोबाइल नंबर मागतं आणि ओटीपी पाठवतं. त्याला तुमच्या मेलचा पासवर्ड कशाला हवा?"

ते नेटवर्क खरंच कोणा भामट्याचं होतं का, हे मला सांगता येणार नाही. पण नेटवर्कला नाव कोणीही काहीही देऊ शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. खिशातल्या फोनवरूनही स्टेशनच्या नावाचं वायफाय सुरू करता येतं. लॅपटॉप तर आणखी भोळा. एकदा जोडलेलं पासवर्ड नसलेलं नेटवर्क तो लक्षात ठेवतो आणि पुढे त्याच नावाचं दुसरं दिसलं तर बरेचदा न विचारता जोडून घेतो.

ओपीडीत वायफायबद्दल मला नेहमी एकच प्रश्न येतो: त्या लहरींनी कॅन्सर होतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2011 मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित' या गटात टाकलं, तेव्हापासून ही भीती टिकून आहे. पण त्या वेळी पुरावा मर्यादित होता आणि तोही मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलबद्दलचा. घरातल्या राउटरची शक्ती साधारण एक दशांश वॅट, आणि डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा या लहरींत नसते. रात्री राउटर बंद करणारे पालक मला भेटतात. फुकटच्या वायफायवर रिपोर्ट उघडताना मात्र कोणी दोनदा विचार करत नाही. मीही केला नव्हता.

उगाच घाबरवायचंही नाही. आज बहुतेक संकेतस्थळं आणि मेल सांकेतिक रूपात जातात, त्यामुळे शेजारच्या बाकावरचा माणूस तुमचं पत्र सहजासहजी वाचू शकत नाही. धोका उरतो तो आपण स्वतः दार उघडण्यात. खोट्या पानावर पासवर्ड देणं, ब्राउझरनं 'हे सुरक्षित नाही' असं बजावलं तरी 'पुढे चला' दाबणं. आणि माझ्या मेलचा पासवर्ड गेला असता तर तो एका रिपोर्टपुरता राहिला नसता. कित्येक वर्षांचे रिपोर्ट तिथे नावानिशी पडून होते.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांची माहिती गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानं बंधनकारक केलं आहे. तो कायदा पाळायला आमच्या हाती काय असतं? स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा मेल आणि व्हॉट्सॲप. गोपनीयतेची परिपत्रकं येतात, पण रिपोर्ट सुरक्षितपणे पाठवायची सोय येत नाही. सीटी स्कॅनच्या यंत्रासाठी निधी मागतो तसा यासाठीही मागायला हवा, आणि तो आम्ही डॉक्टरांनी कधी मागितलेला नाही, हेही खरं.

त्या मुलानं मला फोनचा हॉटस्पॉट सुरू करून दिला. इतकी साधी गोष्ट होती. मीही आता बाहेर असताना रिपोर्ट, बँक आणि मेल यांसाठी तोच वापरतो, फुकटचं वायफाय फक्त गाडीची वेळ बघायला. घरी आल्यावर लॅपटॉपमधली जुनी नेटवर्कं पुसली. दोन विमानतळ, एक लग्नाचा हॉल आणि कुठलीतरी 'फ्री' नावाची चार निघाली. रिपोर्टवरचं नाव झाकून फक्त वॉर्ड आणि खाट क्रमांक पाठवायचा, असं आमच्या युनिटमध्ये ठरवलं आहे.

टेनोफोविर टाळून दुसरी औषधं त्याच संध्याकाळी सुरू झाली. फलाटावर काय होता होता राहिलं, हे त्या बाईंना माहीत नाही. पुढच्या तपासणीला त्या येतील तेव्हा सांगावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही.