भंगारात काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला आणि कितीतरी धडधाकट संगणक घरबसल्या म्हातारे ठरले. टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नाही, म्हणून विंडोज ११ त्यांना दारातही उभं करत नाही. अशा बहुतेक यंत्रांवर लिनक्स मिंट ही दुसरी कार्यप्रणाली खुशाल चालते, तीही फुकट. आधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तिथेच तपासा. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आयताच मिळतो. पंचाईत होते ती टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांची, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांत मजकूर जुळवणाऱ्या आमच्यासारख्यांची. त्यांचं काम विंडोजवर अडलेलं, म्हणून त्यांनी घाई करू नये. बाकीच्यांनी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्यावीत, मगच ‘इन्स्टॉल’ दाबावं.