‘फॉरवर्ड’ केले, पुढे काय?

प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांनी आमचा आवाज आपणहून कधीच छापला नाही. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने नाकारली, हे चळवळीतल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. म्हणूनच ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी स्वतःचे पाक्षिक काढले.

शंभर वर्षांनंतरही स्थिती फारशी बदललेली नाही. ३१ मे २०१६ ला पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली, तेव्हा देशभरच्या वाहिन्या येथे धावत आल्या. पण आमच्या वस्तीतल्या माणसाची फिर्याद ठाण्यात घेतली जात नाही, तेव्हा यांना पुलगावचा रस्ता सापडत नाही!

आज मात्र प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठी वृत्तपत्रे गप्प असताना कार्यकर्त्यांच्या पत्रकांनी आणि सत्यशोधन अहवालांनी ती बातमी समाजापर्यंत नेली. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदची हाक तर मोबाईलवरूनच घरोघरी पोचली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेला अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम १८-अ घालावे लागले. ही ताकद आम्ही नाकारत नाही.

आमची तक्रार पुढची आहे. खैरलांजीसाठी महाराष्ट्र पेटला. पण २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरताना अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा सिद्ध मानला नाही. मोर्चे रस्त्यावर निघतात, कलमे मात्र तपासाच्या कागदांवर टिकतात किंवा पडतात. त्या कागदांवर समाजाची नजर किती दिवस असते? संदेश दोन दिवसांत शिळा होतो. तारखेला न्यायालयात फिर्यादी आणि आम्ही वकील, एवढेच उरतो. साक्षीदार फुटतो तो याच एकटेपणात.

म्हणून प्रचाराला खटल्याचे वेळापत्रक लावा. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो आणि ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हायचे असते. पहिल्या संदेशात गुन्हा क्रमांक, कलमे आणि पाठवणाऱ्याचे नाव असू द्या. तिसाव्या दिवशी विचारा, तपास कोणाकडे आहे? साठाव्या दिवशी विचारा, दोषारोपपत्र कुठे आहे? तोच मजकूर निवेदन म्हणून पोलीस अधीक्षकांना द्या, पोच घ्या आणि पोचेची प्रत गावच्या बातमीदाराच्या हाती ठेवा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्या आयाबायांसाठी तो रविवारी विहारात वाचून दाखवा.

एक सावधगिरी मात्र हवीच. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव वा फोटो पसरवणे हा गुन्हा आहे, आपल्या माणसाने सद्हेतूने पसरवला तरीही. खातरजमा न केलेला एक खोटा संदेश पुढच्या दहा खऱ्या फिर्यादींवर संशय आणतो.

बाबासाहेबांनी लेखणी हाती घेतली, तेव्हा प्रत्येक शब्दाची जबाबदारीही घेतली. बोटाने संदेश पुढे ढकलणाऱ्यांनो, पुढच्या तारखेला न्यायालयाच्या आवारात दिसा. तेथे तुमची वाट पाहिली जाते आहे. जयभीम!